आठवी जागा: गंगेवरचा एक दिवस आणि नागपूरचा एक गट

गंगेत राफ्टिंग (रबरी होडीतून खळाळत्या पाण्यातून जाणं) करताना घडलेल्या एका अपघाताचं हे प्रकरण लिहिण्याआधी मी गटातल्या बहुतेकांशी बसून बोललो, गाईडशी फोनवर बोललो आणि दवाखान्याचे कागद पाहिले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावांऐवजी संयोजक, काका, ताई अशीच माणसं ठेवली आहेत. ट्रेकिंग किंवा सायकलिंगचे गट चालवणाऱ्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

नागपूरच्या फुटाळा तलावावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचा हा गट. पचमढी, चिखलदरा, रामटेकच्या खिंडसीत बोटिंग असं त्यांचं वर्षातून एखाद-दोनदा चालतं. यंदा ठरलं की ऋषिकेशला गंगेत राफ्टिंग करायचं, तेही मार्चअखेर. एप्रिल उजाडला की नागपुरातून कुठं निघणंच नको वाटतं, शिवाय पोरांच्या परीक्षाही तोवर आटोपतात.

संयोजक चाळिशीतले, उत्साही आणि हिशेबाला चोख. ते कोकणात कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करून आलेले होते आणि त्या बळावरच पुढाकार घेत होते. वरून खाली ऋषिकेशपर्यंत यायचे अंतरानुसार टप्पे असतात: ब्रह्मपुरीहून साधारण ९ किलोमीटर, शिवपुरीहून १६, मरीन ड्राइव्हहून (मुंबईचं नव्हे, गंगेकाठचं याच नावाचं ठिकाण) २५ च्या आसपास आणि कौडियालाहून ३६. जितकं वर जाल तितक्या लाटा मोठ्या. हाती एकच दिवस होता, कारण दिल्लीहून परतीची तिकिटं पक्की झाली होती. तेव्हा संयोजकांनी कौडियालाचा पूर्ण टप्पा घेतला. "इतक्या दूर जाऊन अर्धवट कायले करायचं?" हा प्रश्न गटात कुणी खोडला नाही.

एका राफ्टमध्ये गाईड सोडून आठ जण बसतात. नक्की झाले होते सात. आठवी जागा रिकामी राहिली तर तिचे पैसे सातांत वाटले गेले असते किंवा अनोळखी माणूस सोबत आला असता. दोन्ही नको होतं. म्हणून काकांना गळ घातली गेली. काका सत्तावन्न वर्षांचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. फुटाळ्याच्या चकरा मारताना ते पोरांना मागे टाकतात आणि उन्हाळ्यात तलावात पोहतात. पहिल्यांदा ते नाहीच म्हणाले होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमचं एकासाठी अडून राहिलं असेल तर येतो." या वाक्याकडे मी नंतर परत येणार आहे.

उरलेल्यांत एक शाळेतल्या ताई (पोहता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं), एक इंजिनिअर जोडपं, दोन दुकानदार मित्र आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोट्टा.

नदी

कोलाडचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. मुळशी धरणाचं पाणी वीज करून कुंडलिकेत उतरतं आणि राफ्ट त्यावर चालतात. सुटण्याची वेळ साधारण माहीत असते, पातळी फारशी बदलत नाही, पाणी सोसवेल असं असतं आणि लाटा अवघडपणाच्या सहा श्रेणींपैकी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या. नवख्या माणसाला तिथं मजा येते आणि "आपल्याला जमतं" असं वाटू लागतं. ते खोटं नसतं, पण त्या नदीपुरतंच असतं.

गंगेचं वसंतातलं पाणी वेगळं. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात. भागीरथीवर टिहरी आणि त्याखाली कोटेश्वर धरण आहे, अलकनंदेवर गढवालमधल्या श्रीनगरचा वीजप्रकल्प. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, त्यामुळे एकाच दिवसात पातळी वरखाली होते. त्यात मार्चपासून बर्फ वितळायला लागतं. वर दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी काही तासांनी खाली पोचतं. म्हणून काल पाहिलेली लाट आज तशीच असेल असं धरून चालत नाही. काही लाटा पाणी वाढलं की दबून जातात, काही चवताळतात.

आणि हे पाणी थंड असतं. नागपुरात पारा चाळिशीला टेकलेला असताना अंगाला जी सवय झालेली असते, ती इथं काही कामाची नाही. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, मग धापा सुरू होतात, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि त्याच मिनिटात तोंडावर लाट आली की पाणी आत जातं. पोहण्याचं कौशल्य उपयोगी पडतं ते त्यानंतर.

कौडियालाच्या खाली पहिली मोठी लाट 'डॅनियल्स डिप'. तिच्यापुढे 'द वॉल', ही या पट्ट्यातली सर्वांत अवघड. सहा श्रेणींच्या मापात ती चौथीच्या वर धरतात. तिथं राफ्ट उलटणं नवलाचं नाही आणि पाणी पाहून बरेच गाईड लोकांना उतरवून काठानं चालवतात. वॉलच्या खाली मरीन ड्राइव्ह, मग 'ब्लॅक मनी', 'क्रॉसफायर', 'थ्री ब्लाइंड माइस' आणि शिवपुरी. बद्रीनाथकडे जाणारा महामार्ग नदीच्या कडेनंच जातो, पण बराच उंचावरून.

अडचण

आदल्या रात्री गट उशिरा ऋषिकेशला पोचला. एक रात्र रेल्वेत, दुसरी अर्धी बसमध्ये. सकाळी कंपनीच्या ऑफिसात गर्दी होती. आरोग्याची माहिती विचारणारा फॉर्म इंग्रजीत, बारीक अक्षरात. संयोजकांनी आठही फॉर्म स्वतः भरले, आजारांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'वर खूण केली आणि सह्या घेतल्या. काकांना काही वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी फॉर्म वाचला नाही, संयोजकांनी विचारलं नाही. गोळी ते नाश्त्यानंतर घेतात. त्या दिवशी नाश्ता "वाटेत करू" म्हणून राहिला आणि गोळ्यांचा डबा हॉटेलवरच्या बॅगेत राहिला.

कौडियालाला गाईडनं सूचना नीट दिल्या, हे सगळेच सांगतात. पॅडलची मूठ सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. पाय फुगलेल्या आडव्या नळीखाली अडकवून बसायचं. पाण्यात पडलात तर पाठीवर झोपायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला वरून दाबून धरतो. फेकलेली दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. मग तो म्हणाला, शांत पाण्यात सगळ्यांनी एकदा उडी मारा. तिघंच उतरले: पोट्टा आणि इंजिनिअर जोडपं. बाकीच्यांनी पाण्यात हात घातला आणि हसत मागे झाले. गाईडनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. रोज उघडा दिसणारा एक दगड आज पाण्याखाली आहे, हे त्यानं कयाकवाल्या (पडलेल्यांना उचलायला छोट्या होडीतून सोबत चालणाऱ्या) जोडीदाराला सांगितल्याचं पोट्ट्यानं ऐकलं होतं.

डॅनियल्स डिपमध्ये राफ्टचं नाक खाली गेलं आणि उचललं. सगळ्यांनी पुढे वाकून पॅडल मारायचं होतं. काका मागे रेलले. गुडघा दुखतो म्हणून पाय त्यांनी नळीखाली अर्धवटच अडकवला होता. ते डाव्या बाजूनं पाण्यात गेले.

वर आले तेव्हा ते तलावात पोहतात तसे छाती पुढे करून हातपाय मारत होते. गाईड ओरडत होता, "पैर आगे! पीठ पर!" ते ऐकू आलंच नाही, असं काका सांगतात. सेफ्टी कयाकवाला पोचला, पण काकांची बोटं मिटत नव्हती. शेवटी त्यानं त्यांना कयाकच्या नाकाला छातीनं टेकवून राफ्टजवळ ढकललं आणि दोघांनी लाइफ जॅकेटचे खांदे धरून आत ओढलं. सगळं मिळून दोनेक मिनिटं. गाईडनं पुढच्या शांत पाण्यात राफ्ट काठाला लावली. वॉल अजून पुढे होती.

पर्याय

आता काठावर काय दिसत होतं? काका थरथरत होते, दोन शब्द बोलून थांबत होते, पाण्याचा खोकला येत होता. छातीवर हात होता, पण विचारलं की "काही नाही होऊन राहिलं मला, चला" म्हणत होते. गाईडसमोर चार वाटा होत्या.

पहिली, सगळ्यांनी पुढे जायचं. संयोजक आणि पोट्टा या बाजूचे. कारण तेच: एवढ्या दूर आलो, वॉल सोडायची? दुसरी, काकांनी वॉलपुरतं काठानं चालायचं आणि खाली परत बसायचं. गाईड आधी इकडे झुकला होता, आणि त्याच्याकडे असलेल्या माहितीवर ते चूक नव्हतं. फॉर्मप्रमाणे समोर एक निरोगी, घाबरलेला, गारठलेला माणूस होता. असे लोक रोज पडतात आणि अर्ध्या तासात हसत असतात. तिसरी, काकांनी इथंच थांबायचं, वर रस्त्यावर जाऊन गाडीनं दवाखाना गाठायचा. चौथी, सगळ्यांचीच सफर थांबवायची.

निर्णय फिरला तो ताईंमुळे. त्यांच्या घरी वडिलांना रक्तदाबाचाच आजार, त्यामुळे त्यांनी सरळ विचारलं, "काका, गोळी चालू आहे ना तुमची? आज घेतली का?" काका गप्प राहिले, मग मान हलवली. ताईंनी ते गाईडला हिंदीत सांगितलं. त्यानं पुढे कुणाला काही विचारलं नाही. काका राफ्टमध्ये बसणार नाहीत, एवढंच बोलला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जागा हीच वाटते. तोवर काठावर सहा-सात माणसं बोलत होती आणि सगळे एकच विचारत होते, "बरं वाटतंय का?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडचा पन्नाशी ओलांडलेला पुरुष चारचौघांत "हो" असंच देतो. ताईंचा प्रश्न वेगळा होता. त्याला धैर्य दाखवून उत्तर देता येत नव्हतं.

काय केलं

तिसरी वाट धरली, पण ती बोलायला सोपी होती. गाडी ठरल्याप्रमाणे शेवटच्या थांब्याकडे, खाली ऋषिकेशला निघून गेली होती. दरीत फोनला रेंज नव्हती. कयाकवाला चढ चढून रस्त्यावर गेला, तिथून फोन लागला. गाडीला परत यायला तासभर लागणार होता. आणि कयाकवाला वर असेपर्यंत बाकीची राफ्टही हलू शकत नव्हती, कारण मग पाण्यात सोबत कुणीच नसतं.

दरम्यान काकांचे ओले कपडे काढले. कोरडे कपडे कुणीच आणले नव्हते. वॉटरप्रूफ पिशवीत आठ मोबाइल आणि एक टॉवेल निघाला. शेवटी गाईडचं जाकीट आणि इंजिनिअर नवऱ्याचा आतला टी-शर्ट कामी आला. एका दुकानदार मित्रानं हातपाय चोळायला सुरुवात केली, ती गाईडनं थांबवली. काकांना उन्हानं तापलेल्या वाळूवर दगडाला टेकवून अर्धवट बसवलं.

मग चढ. छातीवर हात ठेवलेल्या माणसाला उभ्या वाटेनं चालवत वर न्यायचं का? ताई नको म्हणाल्या, संयोजकांना घाई होती. गाईडनं मधला मार्ग काढला. श्वास शांत होईपर्यंत हलायचं नाही, नंतरही चालायचं नाही. कयाकवाल्यानं रस्त्यावरच्या ढाब्यातून दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची आणली होती. काकांना खुर्चीत बसवून आळीपाळीनं वर नेलं. काकांना ते फार लागलं. त्यांना पाण्यात पडल्याचं काही वाटत नाही, खुर्चीचं मात्र अजून वाटतं.

ताई त्यांच्यासोबत गेल्या. "मला कारणच हवं होतं," त्यांनी मला हसत सांगितलं.

सहा जण उरले. पोट्ट्याचा हट्ट चालूच होता. सहा जणांनी, तेही अशा मनःस्थितीत, वाढलेल्या पाण्यात वॉल करायची नाही, यावर गाईड ठाम राहिला. मागून दुसरी एक तुकडी आली, तिचे दोन गाईड राफ्टवर चढले आणि तिघांनी मिळून ती खाली नेली. गटातले सहा जण काठाच्या दगडांवरून चालत गेले. तिघं अनुभवी गाईड त्या लाटेत कसे उभे-आडवे झाले ते पाहिल्यावर पोट्टा चूप बसला.

मरीन ड्राइव्हपासून ते परत बसले. ब्लॅक मनी, क्रॉसफायर छान झाले, कुणी पडलं नाही. शिवपुरीला पोचेपर्यंत दुपार कलली होती, दरीतून वर येणारा वारा तोंडावर होता आणि सपाट पाण्यात राफ्ट पुढे सरकेना. तिथं संयोजक स्वतःच म्हणाले, बस, इथं उतरू. पैसे ऋषिकेशपर्यंतचे भरलेले असताना त्यांनी हे म्हटलं, याची नोंद घ्यायला हवी. सकाळचा माणूस आणि हा माणूस यांत काही तासांचंच अंतर होतं.

निष्पत्ती

दवाखान्यात काकांचा ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब बराच चढलेला होता. छातीत पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही दिसू शकतो, म्हणून रात्रीपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. रात्री सोडलं. परतीची गाडी चुकली नाही.

नागपुरात आल्यावर मात्र बरंच बिघडलं. काकूंनी संयोजकांना फोनवर जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. न झालेल्या टप्प्याचे पैसे परत मागावेत की नाही, यावर गटात दोन तट पडले. कंपनीनं फॉर्मकडे बोट दाखवलं. त्यावर काकांचीच सही होती. काही आठवडे काका फुटाळ्यावर वेगळ्या वेळी यायचे.

वेगळं काय करता आलं असतं

गाईडनं पाण्यातल्या सरावाचा आग्रह सोडायला नको होता, असं मला वाटतं. पाचांनी उडी मारली नाही तर राफ्ट सुटणार नाही, एवढं म्हणायचा त्याला अधिकार होता. काकांनी काठाजवळ, हाताला माणूस असताना ती पहिली धाप अनुभवली असती, तर दोन गोष्टींपैकी एक झाली असती: डॅनियल्स डिपला ते कमी गोंधळले असते, किंवा तिथूनच "मला नाही जमणार" म्हणाले असते. गाईडचं म्हणणं असं की, गिऱ्हाईक नाराज झालं की त्याच्या हातचं काम जातं. हे खरं आहे. म्हणून हा आग्रह गटानं नागपुरातच ठरवून यायला हवा, गाईडला तो गिऱ्हाइकाविरुद्ध धरायला लागू नये.

फॉर्मचं तर सरळ आहे. दुसऱ्याचा फॉर्म भरायचा नाही. घरी बसून, निवांतपणे, मराठीत प्रत्येकाशी वेगळं बोलायचं. कुठली औषधं चालू आहेत, ती किती वाजता घेता. "काही त्रास?" असं विचारलं की "नाही" येतं. "गोळी कधी घेता?" विचारलं की वेळ येते. औषध असणारा माणूस आपोआप बाद होतो असंही नाही. ते डॉक्टरनं ठरवायचं, गाईडला कळवायचं आणि गोळी खिशात असायची.

गाडीबद्दल मी फार आग्रही आहे. या पट्ट्याची मोठी सोय म्हणजे रस्ता सोबत चालतो. मरीन ड्राइव्ह आणि शिवपुरी ही बाहेर पडायची दोन दारं आहेत. गाडी मरीन ड्राइव्हला थांबवायची आणि गट तिथून पुढे निघाला की तिनं शिवपुरीला जायचं. कोरडे कपडे गाडीत, एक जोड राफ्टमध्ये. यानं वॉलच्या वर अडकलेल्या काकांचा चढ वाचला नसता, पण तासाची वाट वाचली असती. आणि मुख्य म्हणजे निघतानाच सांगायचं: मरीन ड्राइव्हला ज्याला उतरायचंय त्यानं उतरायचं, कारण सांगायचं नाही. ताईंना त्या दिवशी कारण हवं होतं. तसं हवं असलेली आणखी किती माणसं त्या राफ्टमध्ये होती, ते मी विचारलं. अजून दोघं निघाली.

टप्प्याच्या निवडीबद्दल मतभेद आहेत. संयोजक अजून म्हणतात की मरीन ड्राइव्हहून निघालो असतो तर काहीच झालं नसतं. असेल. ब्लॅक मनीतही माणसं पडतात. माझं बोट त्याआधीच्या ठिकाणी आहे, जिथं काका म्हणाले, "तुमचं एकासाठी अडून राहिलं असेल तर." ते जागा भरायला आले. एकदा जागा भरायला आलेला माणूस गोळीचं सांगत नाही, गुडघ्याचं सांगत नाही, उडी मारायला नकोशी वाटली तरी राफ्टमधून उतरत नाही, कारण मग ज्यासाठी आला तेच राहतं. आठव्या जागेचे पैसे सातांनी वाटून घेतले असते तर प्रत्येकाला एका सावजी जेवणाएवढा भुर्दंड पडला असता.

पुढच्या मार्चचं बोलणं सुरू झालं आहे. या वेळी दोन दिवस, पहिल्या दिवशी शिवपुरीहून खाली, पाणी बघून दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्ह. पोट्ट्यानं वॉलचा विषय काढला नाही. काकांनी डॉक्टरांना विचारलं आहे, त्यांनी आधी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करायला सांगितलं आहे. संयोजकांनी सध्या सातच जागा धरल्या आहेत आणि यादीत काकांचं नाव लिहिलेलं नाही. काका म्हणतात, टेस्टचा कागद आला की मीच लिहीन.